डाव्या हातच्या बांगड्या

मृणालिनी : खोटं कशाला बोलता, सोनूमावशी? माणिक घरातच आहे. हॉस्पिटलची चादर तुमच्या दोरीवर वाळतेय. ती काय आपल्या पायांनी चालत आली वेसाव्याला?

सोनूबाई : चादर मी परत देनार हाय. अंगाला गुंडाळून आयली पोर, चिखल लागला, म्हनून धुतली. चोरनारी मानसं नाय आमी.

मृणालिनी : चादर गेली खड्ड्यात! उद्या सकाळी तुमच्या सुनेच्या काळजाचं ऑपरेशन, आणि आज पेशंटच पळून जातो? पहाटे वॉर्डात गेले तर खाट रिकामी.  वाटलं, रात्रीतच...

सोनूबाई : अभद्र बोलू नको गो, बाय.

मृणालिनी : मग काय वाटेल मला? चार पायऱ्या चढली तरी ओठ निळे पडतात तिचे. आली कशी ती इथपर्यंत?

सोनूबाई : अंधारातच मंडईत गेली. तिकरं आपल्या बायका होत्या म्हावरं उतरवायला. त्यांनी लॉरीत घातली, रिकाम्या टोपल्यांवर टेकवून आनली. आयली ती उंबऱ्यावरच बसली. श्वास मिळेना तिला. मी पाठीवर हात फिरवते, काय झालं, काय झालं इचारते, तर डोळे आपले दर्याकरं.

मृणालिनी : आता कशी आहे?

सोनूबाई : आत भिंतीला टेकून बसलीय. आडवं कुठं होता येतं तिला. तू बस आधी, पानी पी. डाक्तरीन झालीस तरी मना तू परकरातलीच दिसतेस. दारात टोपली उतरवली का पयली धावायचीस, सोनूमावशी, कोलंबी दाखवा, कोलंबी दाखवा.

मृणालिनी : कोलंबीचं नंतर, मावशी. टांगा देवळापाशी उभा करून आलेय मी. ह्या एका खाटेसाठी मी आमच्या सर्जन सरांच्या किती मागे लागले, ठाऊक आहे तुम्हाला? पेपरात बातमी आल्यापासून आमच्या मेडिकल कॉलेजच्या दारात रीघ लागलीय. नाशिकहून येतायत, साताऱ्याहून येतायत. काळजावरचं ऑपरेशन आपल्याकडे होतं म्हणून सगळ्या युनिव्हर्सिटीत नाव झालंय. बाहेरगावचे मोठे मोठे प्रोफेसर उद्या बघायला येणार आहेत. आणि मी, तिथली सगळ्यात धाकटी डॉक्टर, सरांना म्हटलं, माझ्या ओळखीची एक मुलगी आहे, तिला आधी घ्या. त्यांनी घेतलं. आता काय सांगू त्यांना?

सोनूबाई : तुना पाव्हन्यांची लाज वाटते, आसंच ना?

मृणालिनी : पाहुणे गेले उडत! मला भीती वाटते, मावशी. तिची.

सोनूबाई : मंग मना काय वाटत नाय? तिकरं बघ. भिंतीवर. तुझ्या सरांचा फोटू. तुझ्या बापानं पेपर वाचून दाखवला ना, तोच. अर्ध्या पेपरात मी सुकट बांधून विकली, पन फोटू कापून घेतला. आई एकवीरेच्या शेजारी लावला. दिवा लावताना दोघांनाही हात जोडते. जित्या मानसाच्या काळजात बोट घालनार तो. तरी अंगठा दिला मी कागदावर. मी नाय पळवली तिला.

माणिक : आये... कोन हाय? बाय आयली?

मृणालिनी : मीच आहे, माणिक. उठू नकोस, मी येते आत. दे हात. अगं, केवढी धडधडतेय नाडी! पाय बघू. काल इतकी सूज नव्हती. पळालीस कशाला, वेडे? माझ्यावर विश्वास नाही?

माणिक : तुझ्यावर... हाय.

मृणालिनी : मग?

माणिक : ती खिडकीजवळची. हिरव्या लुगड्याची. नेली तुमी तिला... मंगळवारी. परत आयलीच नाय. खाटेवर नवी चादर घातली.

सोनूबाई : कुठं गेली ती? बाय? सांग की.

मृणालिनी : वारली ती. टेबलावरच. काळजातली चिकटलेली झडप बोटानं उघडली होती सरांनी, पण रक्त थांबेना.

सोनूबाई : आये गो! पेपरात तर...

मृणालिनी : पेपरात सरांच्या फोटोशेजारी पहिल्या ऑपरेशनच्या बाईचा फोटो आला. मग त्या शाळकरी मुलाची बातमी आली. हिची नाही आली. बातमी जगलेल्यांचीच होते, मावशी.

सोनूबाई : म्हंजे मी देवाजवळ कोनाचा फोटू लावलाय?

मृणालिनी : चांगल्या माणसाचा लावलाय. त्या दिवशी सर घरी गेले नाहीत. हात धुतले आणि पायरीवर बसून राहिले. आम्ही कुणी जवळ जायला धजलो नाही. मी तुम्हाला हे आधीच सांगायला हवं होतं. सांगितलं असतं तर तुम्ही अंगठा दिला नसता, म्हणून जीभ रेटेना. आता विचारलंत तर सांगितलं. माणिक, त्या बाईला घाबरून पळालीस?

माणिक : घाबरते ना. लय घाबरते. पन ते... मी धरूनच गेली होती. मरन आयलं तर येल. तेच्यासाठी नाय पळाली.

मृणालिनी : मग कशासाठी?

माणिक : काल संध्याकाळी... सिस्टर आयली. पक्कड घेऊन. बोलली, सब चूडी तोडो. डाक्तर का आर्डर.

मृणालिनी : बांगड्या? बांगड्यांसाठी पळालीस तू? अगं, साबण लावून काढल्या असत्या!

माणिक : लावला. तिनं लावला, मी लावला. हात सुजलाय. नाय निघत.

मृणालिनी : निघत नसतील तर फोडाव्याच लागतील. छाती डाव्या बाजूनं उघडतात, डावा हात वर करून बांधतात. मध्येच काच फुटली आणि रुतली तर? त्या हाताला सुईसुद्धा लावायची असते. आणि एवढं वाईट वाटतंय तर उजव्या हातात घाल की नव्या. उजवा हात मोकळाच असतो. मी सिस्टरला सांगते, उजव्या हाताला बोट लावायचं नाही.

माणिक : आये... ही काय बोलते?

सोनूबाई : तिला ठाव नाय गो. तिच्यावर रागावू नको. बाय, लहानपनापासून तू माझ्या हातून म्हावरं घेतेस. आमच्यातल्या कुठल्या बाईच्या उजव्या हातात बांगरी बघलीस?

मृणालिनी : नाही... म्हणजे, मला वाटायचं म्हावरं साफ करताना अडचण होते, म्हणून घालत नसाल.

सोनूबाई : लग्नात आमी उजव्या हातच्या बांगऱ्या दर्याला देतो. तेच्या पदरात दादला टाकायचा ना जन्मभर, म्हनून. उजवा हात तेचा. तेच्यात परत काय घालायचं नाय. डावा तेवढा दादल्याच्या नावाचा. तो रिकामा केला म्हंजे काय, ते मी तुना सांगायला नको. माझा बघ.

मृणालिनी : चुकलं माझं. पण माणिक, त्या वाढवायच्या आणि बरी झाल्यावर नव्या भरायच्या. बळवंतला मी समजावते. कुठाय तो? तो तरी चिडणार नाही, शहाणा आहे.

माणिक : दर्यात.

मृणालिनी : येईल ना संध्याकाळपर्यंत?

सोनूबाई : परवाच यायचा होता. नारळी पुनव झाली, समदे बाहेर पडले. मंग वारा सुटला. नंदकुमारची होरी आयली, डोलकाठी मोडून. लवूची काल आयली. लवू बोलला, बळवंतची होरी शेवटची बघली ती लांब, शीड उतरवत होते. मंग पाऊस आडवा आला. पुढचं तेला दिसलं नाय.

मृणालिनी : अरे देवा. मला कुणी सांगितलं नाही.

माणिक : मना पन नाय सांगलं. वॉर्डात शेजारची कृष्णाबाई आयली होती... बघायला. तिच्या तोंडावरनं कळलं. मी इचारला, बळवंत आयला? तर बोलली, येल. मान खाली घालून. आनी ती गेली, ना लगेच... सिस्टर आयली. पक्कड घेऊन.

सोनूबाई : असू दे. दम खा. बोलू नको एवढं.

माणिक : बोलू दे. बाय, तो तिकरं पान्यात. मी इकरं... तेच्या नावाची बांगरी फोडू? माझ्या हातानं?

मृणालिनी : माणिक, ऐक माझं. बांगडीचा आणि वाऱ्याचा काय संबंध?

माणिक : काळजात बोट घातलं... तर मानूस जगतो, बोललीस. मी मानलं. इचारला नाय, कसं म्हनून. आता हे... तू मान.

मृणालिनी : दे तो हात इकडे. श्वास सावकाश घे आधी.

सोनूबाई : बाय, साफ सांग. नाय आयली ती उद्या, तर?

मृणालिनी : सर पुढच्या महिन्यात विलायतेला जातायत, शिकवायला बोलावलंय त्यांना. दुसऱ्या कुणाचा अजून हात बसलेला नाही. दिवाळी बघेल ती, मावशी. शिमगा... मला नाही वाटत.

सोनूबाई : आनी आयली तर?

मृणालिनी : आली तर जगेल असं छातीवर हात ठेवून नाही सांगू शकत. आता ते सांगणारच नाही मी. पण ती पहिली बाई आहे ना, फोटोतली, ती मागच्या आठवड्यात तपासायला आली होती. पायांची सूज अशी उतरली की जुन्या चपला पायांतून निसटतायत. वॉर्डभर चपला दाखवत हसत फिरली. खोटं नाही सांगत.

सोनूबाई : माझं डोकं चालत नाय. हिला जा बोलले, आनी तिकरं पोराचं काय झालं, तर ही मना जन्मभर इचारेल. नको जाऊ बोलले, आनी हीच गेली, तर पोरगा येऊन इचारेल. पहाटेपासून हेच चाललंय. घरात येते, हिला बघते. बाहेर जाते, दर्या बघते. दोन्हीकरं बघवत नाय.

माणिक : तुझ्यामुळंच... भीते मी, आये.

सोनूबाई : माझ्यामुळं?

माणिक : वाडी बोलते ना. सासरा गेला तवा... तुझी बांगरी फुटली होती. टोपली उतरवताना. आदल्या दिवशी. लग्न होऊन आयली, तवाच मना सांगलं बायकांनी. हात जपून राव, सोनूबाईचं काय झालं बघ.

सोनूबाई : कोन बोललं?

माणिक : समदे.

सोनूबाई : समदे होते काय माझ्या हाताजवळ? इकरं बघ माझ्याकरं. तुझा सासरा गेला तवा माझा हात भरलेला होता. हिरव्या बांगऱ्या, पुनवेला भरलेल्या. एकीला चीर नव्हती. वारा सुटल्यापासून मी हात असा छातीशी धरून फिरत होते. टोपली दुसरीकरनं उचलून घेतली. भिंतीला लागू दिला नाय. भरल्या हातानं मी किनाऱ्यावर उभी. होरी आयली. समदे उतरले. रामचंद्र नव्हता.

माणिक : आये...

सोनूबाई : बांगऱ्या समद्या होत्या गो. खुळखुळत होत्या. मंग बायकांनी दगडावर हात ठेवून फोडल्या. तवा फुटल्या त्या, आधी नाय.

माणिक : मंग वाडी... असं का बोलते?

सोनूबाई : मानसाला कारन लागतं. हिची बांगरी फुटली म्हनून तिचा दादला गेला, असं बोललं का बाकीच्या जनींना झोप येते. मी पन कोनाचं तोंड धरलं नाय. मना वाटायचं, खरंच फुटली असती तर बरं झालं असतं. निदान कळलं असतं, का गेला ते.

माणिक : म्हंजे... बांगऱ्यांनी काय होत नाय?

सोनूबाई : ते मना ठाव नाय. मना एवढंच ठाव हाय का माझ्या होत्या, तरी तो गेला.

(बाहेर वाऱ्यानं वलांडीवर वाळत घातलेले बोंबील एकमेकांवर आपटतात.)

माणिक : बाय.

मृणालिनी : हं?

माणिक : मी शुद्धीवर आयली... तर पयलं मना तेचं सांगशील? आयला का नाय ते?

मृणालिनी : सांगेन.

माणिक : नसला आयला... तरी सांगशील? खोटं नको. त्या हिरव्या लुगड्याचं लपवलंस, तसं नको.

मृणालिनी : नाही लपवणार. शपथ.

माणिक : मंग... वरवंटा आन, आये.

सोनूबाई : माझा हात नको. थांब, कृष्णाबाईला हाक मारते. तिचा दादला हाय. सवाशिनीचा हात बरा.

माणिक : नको. कृष्णाबाई मान खाली घालते. तूच. तू खरं बोललीस.

सोनूबाई : बरं गो. टेकव हात हितं.

मृणालिनी : थांबा, मावशी, मी मनगटाखाली रुमाल घालते. असं. बोटं सैल सोड, माणिक. कातडीला लागता कामा नये. तुकडे मी उचलते, तुम्ही फक्त हळू टेकवा. हळू.

सोनूबाई : आई एकवीरे, बघतेस ना? मी फोडत नाय, वाढवते. तू बघ.

माणिक : मार, आये. नायतर... परत पळेन मी.

सोनूबाई : एक... ही झाली. लागलं काय गो?

माणिक : नाय. करत राव.

मृणालिनी : बघू दे मला. नाही, ओरखडासुद्धा नाही. झाल्या? ही शेवटची? रुततेय ही. थोडं तेल लावा आत. हं. झालं. झालं, माणिक. रडतेस कशाला? रडू नकोस, धाप लागेल.

माणिक : तूच रडतेस.

मृणालिनी : मी डॉक्टर आहे, मला चालतं. चल, उन्हं कललीयत, टांगेवाला कंटाळून निघून जाईल. हे तुकडे कुठे टाकू?

माणिक : टाकू नको! आन इकरं. आये, ते दर्यात टाक.

सोनूबाई : दर्यात? हे तेचे नाय गो. हे डाव्या हातचे.

माणिक : ठाव हाय. उजव्या हातच्या लग्नात दिल्या. आता डाव्या हातच्या पन... दिल्या. सांग तेला. माझ्याकरं आता काय उरलं नाय. आता तू दे.

सोनूबाई : सांगते. ओरडून सांगते. असा नाय सोडत मी तेला आज.

मृणालिनी : मावशी, तुम्ही लुगडं बदला, आपण निघू. उद्या बाहेर बाकावर बसायला मी जागा करून देते.

माणिक : नको. ती इकरं थांबेल.

सोनूबाई : तुना एकटीला पाठवू? काळीज उघडनार तुझं, आनी मी हितं बोंबील परतत बसू?

माणिक : होरी दिसली तर... किनाऱ्यावर कोन तरी पायजे. तो उतरल्यावर आधी बघतो. आमी हाय का नाय ते. मी नसले आनी तू पन नसलीस... तर घाबरेल तो.

सोनूबाई : बाय, ही बघ. हिला उभं राहवत नाय, आनी घाबरेल तो म्हनून मना थांबवते.

मृणालिनी : थांबा तुम्ही. मी तिच्या उशाशी असेन, थिएटरातही. मला तिथे फक्त दिवा धरायचाय, पण असेन. काही झालं, बरं किंवा वाईट, तर मी स्वतः येईन इथे. दुसऱ्या कुणाला पाठवणार नाही.

सोनूबाई : मंग लांबूनच तुझ्याकरं बघायचं, मान खाली हाय का वर. दोन दोन वाटांकरं डोळे लावून बसते आता. घे, ही चादर घे. ओली हाय अजून. चोरली नाय सांग तेंना.

मृणालिनी : सांगते. माणिक, माझ्या खांद्यावर हात टाक. घाई नको. दर दोन पावलांना थांबू.

सोनूबाई : थांब गो. बळवंत आयला का तेला काय सांगू? तो धावतच येल तिकरं. तुझा हात असा उघडा बघून तेचं काय होईल?

माणिक : सांग, येताना बांगऱ्या घेऊन ये. हिरव्या. तुझ्या होत्या तशा.

सोनूबाई : कासाराला आजच सांगते. माप ह्याच सुजल्या हाताचं देते, मोठ्या बघून घ्यायला लावते.

माणिक : मोठ्या नको, आये. लग्नातल्या मापाच्या आन, म्हनावं.